मदतीचे पैसे आठवड्यात संपतात, तेव्हा नेमकं काय घडत असतं?

प्रश्न: दरमहा सरकारी किंवा संस्थेची रोख मदत मिळणाऱ्या कुटुंबांबरोबर मी दीड वर्ष काम करते आहे. पैसे जमा झाले की आठ-दहा दिवसांत संपतात आणि मग पुन्हा उसनवारी सुरू होते. काही जण घरात नड असतानाही महागडी वस्तू घेतात. यामागे कोणतं मानसशास्त्र आहे? आर्थिक शिस्तीचं प्रशिक्षण दिलं तर फरक पडेल का?

उत्तर: प्रशिक्षणाचा मुद्दा आधी घेते, कारण बहुतेक संस्थांचा पहिला खर्च त्यावरच होतो. पैशाच्या शिक्षणाचा प्रत्यक्ष वागण्यावर किती परिणाम होतो, हे तपासणारा एक मोठा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १६८ शोधनिबंध एकत्र तपासले होते. माणसामाणसांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम हजारातला एक भाग अशा शिक्षणाने समजावता येतो, असं त्यातून निघालं. कमी उत्पन्नाच्या गटात तर परिणाम आणखी क्षीण होता. तेवीस वर्षं मदतीच्या योजना आखण्यात आणि तपासण्यात घालवल्यावर मला याचं आश्चर्य वाटत नाही. ज्या बाईला पुढच्या गुरुवारी कोणाला किती द्यायचे आहेत हे तोंडपाठ असतं, तिला अंदाजपत्रक म्हणजे काय ते शिकवायला आपण जातो.

माझं म्हणणं असं आहे. मदतीचे पैसे कसे जातात, हे बऱ्याच अंशी ते कसे येतात यावर ठरतं. कोणत्या तारखेला येतात, कोणत्या नावाने येतात, कोणाच्या हातात पडतात, कोणाच्या नजरेसमोर पडतात आणि पुढच्या वेळी येतील याचा किती भरवसा असतो, हे सगळं त्यात आलं. माणसाचा स्वभाव या सगळ्यानंतर येतो. तुमच्या प्रश्नातली दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, पण मी त्यांचा अर्थ वेगळा लावते.

दारू-तंबाखूची शंका थोडक्यात संपवते, कारण ती कोणीतरी काढतंच. रोख मदत आणि अशा चैनीच्या वस्तू यांचा संबंध तपासणाऱ्या १९ अभ्यासांचा एक आढावा २०१७ मध्ये आला. त्यात मदतीमुळे असा खर्च वाढल्याचं दिसलं नाही, उलट सरासरीने किंचित कमीच झाला. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ५० बेघर माणसांना एकरकमी ७,५०० कॅनेडियन डॉलर कोणत्याही अटीविना दिले होते. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षभरात या लोकांचे रस्त्यावर काढलेले दिवस सरासरी ९९ ने कमी झाले आणि दारू किंवा अमली पदार्थांवरचा खर्च वाढला नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ज्यांना व्यसनाचा गंभीर त्रास होता त्यांना त्या प्रयोगात घेतलेलं नव्हतं. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते.

आता तारखेकडे. तुम्ही म्हणता पैसे आठ-दहा दिवसांत ‘संपतात’. मी आधी विचारेन, ते त्यातले किती दिवस खरोखर त्यांचे असतात? मी एका कुटुंबाबरोबर बसून मागच्या तीन महिन्यांचा हिशेब तारीखवार मांडला होता. मदत जमा झाली त्या दिवशीच अर्ध्याहून जास्त रक्कम जुन्या देण्यांत गेली होती: घरभाडं, शेजारणीकडून घेतलेली उसनवारी, वाण्याची उधारी, मुलाच्या औषधाचे राहिलेले पैसे. उरलेल्यातून घरात टिकणाऱ्या वस्तू एकदम भरून ठेवल्या होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला तो खर्चाचा धडाका वाटला असता. वहीत मात्र ती गेल्या महिन्याच्या तुंबलेल्या देण्यांची तोंडमिळवणी होती. या महिन्याचं पोट मागच्या महिन्याने आधीच खाल्लेलं असतं.

तरीही सगळं देण्यांवर ढकलून चालणार नाही. अमेरिकेत अन्नासाठी सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांच्या आहाराची नोंद तपासून २००५ साली असं दाखवलं गेलं की, महिन्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांच्या पोटात जाणारे उष्मांक १० ते १५ टक्क्यांनी घटत जातात. उद्याच्या भुकेपेक्षा आजची भूक मनाला मोठी दिसते, हे त्यामागचं एक कारण. हा कल गरिबांपुरता नाही. पगारदार माणसाचाही हात पहिल्या तारखेला सैल असतो. फरक एवढाच की, त्याचा महिनाअखेर म्हणजे एखादी खरेदी पुढे ढकलणं आणि यांचा महिनाअखेर म्हणजे मुलाच्या ताटातला घास कमी होणं.

टंचाई माणसाच्या डोक्याचं काय करते, यावर अर्थतज्ज्ञ सेंधिल मुलैनाथन आणि मानसशास्त्रज्ञ एल्दार शफीर यांनी पुष्कळ काम केलं आहे. २०१३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोच शेतकरी ऊस तुटण्याआधी, हात तंग असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत होता आणि पैसे आल्यावर बरा ठरत होता. त्याची अक्कल तीच होती, पण डोक्याची जागा आधीच भरलेली होती. चिंता सतत खालच्या आवाजात चालू असते, आणि ज्या गोष्टीची आज आग लागलेली नाही ती नजरेच्या बाहेर जाते.

हे निष्कर्ष हल्ली फार सढळपणे वापरले जातात, म्हणून थोडं थांबून सांगते. या शाखेतले प्रयोगशाळेतले काही निकाल २०२१ मध्ये पुन्हा तपासल्यावर टिकले नाहीत. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर लोकांची चाचणी घेणाऱ्या २०१६ च्या अभ्यासात बुद्धीच्या कामगिरीत फरक आढळला नाही. पगाराआधी लोक पैशाच्या बाबतीत अधिक उतावीळ होते, एवढंच दिसलं. त्यामुळे ‘गरिबीने मेंदू मंदावतो’ असं सरसकट विधान तुम्ही कधी करू नका. ते पुराव्यापेक्षा मोठं आहे आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्या माणसांची किंमत कमी करतं. माझ्या अनुभवात टिकणारी गोष्ट लहान आहे. देण्याचं ओझं हलकं झालं की माणूस पुढचं पाहू लागतो. ओडिशात पत्रावळी तयार करणाऱ्या मजुरांना मजुरीचा काही भाग आधी दिला, तेव्हा त्यांनी लगेच जुनी देणी फेडली. त्यानंतरच्या दिवसांत त्यांचं काम वाढलं, आणि जे जास्त गरीब होते त्यांच्या हातून चुकाही कमी झाल्या.

भरवसा हा मुद्दा मला सगळ्यांत दुर्लक्षित वाटतो. लहान मुलांसमोर मिठाईचा तुकडा ठेवून ‘थांबलास तर दोन मिळतील’ असं सांगण्याचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात त्याचं एक वेगळं रूप करून पाहिलं. मिठाईच्या आधी मोठ्या माणसाने मुलांना चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देतो असं सांगितलं. काहींना ते आणून दिलं, काहींना दिलं नाही. ज्यांच्याशी शब्द पाळला ती मुलं मिठाईपुढे सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांचा शब्द मोडला ती जेमतेम ३ मिनिटं थांबली. वरून पाहणारा या दुसऱ्या मुलांना अधीर म्हणेल, पण ती शहाणपणानेच वागली होती. आता ज्या योजनेचा हप्ता कधी पाच तारखेला येतो, कधी वीसला, कधी दोन महिने येतच नाही, तिच्या लाभार्थ्याने पैसे ‘पुढच्यासाठी’ ठेवावेत असं कोणत्या तोंडाने सांगायचं? हातात आलेले पैसे लगेच वस्तूत बदलून टाकणं हा त्याचा बचाव असतो.

आणि नियमच कधी कधी बचत करणाऱ्याला शिक्षा करतात. अमेरिकेत वृद्ध आणि अपंगांना मिळणाऱ्या पूरक सुरक्षा उत्पन्नासाठी एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता नसावी, अशी अट आहे. घर, गाडी अशा काही गोष्टी त्यातून वगळल्या आहेत, पण बँकेतली शिल्लक त्यात धरली जाते. ही मर्यादा १९८९ पासून वाढलेली नाही. ज्याला साठवलं तर मदत जाईल अशी भीती आहे, त्याला बचतीचे धडे देणं मला योग्य वाटत नाही. अट काय आहे हे प्रत्यक्षात फार थोड्यांना नीट माहीत असतं. ऐकीव भीतीच पुरेशी ठरते. तुमच्या योजनेत अशी अट नसेल, तर ती नाही हे मोठ्याने आणि वारंवार सांगा.

आता नावाकडे. यात मला सर्वांत जास्त आशा वाटते. शुद्ध अर्थशास्त्र म्हणतं, पैसा हा पैसा, त्यावर कसलंही लेबल लावा. मन असं वागत नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यातला पैसा वेगळा मोजला जातो. रिचर्ड थेलर यांनी या कल्पनेला रीतसर मांडणी दिली. त्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्रिटनमध्ये वृद्धांना हिवाळ्यात ‘इंधन भत्ता’ मिळतो. तो इंधनावरच खर्च करा अशी सक्ती नसते, ते साधे रोख पैसेच असतात. तेवढंच उत्पन्न दुसऱ्या नावाने वाढलं असतं, तर त्यातले सुमारे ३ टक्के इंधनावर गेले असते. ‘इंधन’ या नावामुळे सरासरी ४७ टक्के गेले, असा अंदाज २०१४ च्या अभ्यासात निघाला. अमेरिकेतल्या एका किराणा साखळीच्या नोंदींवरून २०१८ मध्ये असंच दिसलं. अन्नाच्या नावाने आलेल्या शंभर डॉलरमधले पन्नास-साठ डॉलर अन्नावरचा खर्च वाढवतात. तीच कुटुंबं रोख शंभर डॉलर मिळाले तर त्यातले दहासुद्धा अन्नाकडे वळवत नाहीत.

मोरोक्कोतला प्रयोग मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. तिथे लहान रक्कम ‘मुलांच्या शिक्षणासाठी मदत’ असं म्हणून पालकांना दिली. काही गावांत शाळेच्या हजेरीची अट घातली, काही गावांत फक्त नाव ठेवलं. शाळेत जाणं दोन्हीकडे भरपूर वाढलं, आणि अटीमुळे त्यात काही भर पडली नाही. सक्तीवर, तपासणीवर, पावत्यांवर आपण जो पैसा ओततो, त्यातलं बरंचसं काम एका नावाने होऊ शकतं.

पावत्यांवरून माझी एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीला दोन वर्षं मी लाभार्थ्यांकडून प्रत्येक खरेदीची पावती मागत असे. मला वाटायचं, शिस्त लागेल. झालं असं की, लोक पावती देणाऱ्या महाग दुकानांत जाऊ लागले आणि उसनवारी माझ्यापासून लपवू लागले. कारण उसन्याची पावती नसते. ज्या देण्यांनी त्यांचा गळा आवळला होता, नेमकी तीच माझ्या कागदांतून गायब झाली. एका आजीने मला सांगितलं की पावती आणायला जायच्या दिवशी तिला झोप लागत नाही. त्यानंतर मी ती पद्धत बंद केली. त्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

हात कोणाचा, हाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीचा भत्ता वडिलांच्या पगारातून वळून आईच्या हातात जाऊ लागला. त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायका-मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. दक्षिण आफ्रिकेतल्या वृद्धांच्या पेन्शनचा अभ्यास अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांनी केला. पेन्शन आजीच्या हातात असेल तर घरातल्या नातींचं पोषण सुधारलं, आजोबांच्या हातातल्या पेन्शनने तसा फरक दिसला नाही. यावरून ‘बाईच्या नावावर टाका, काम झालं’ अशी एक सोपी समजूत पसरली आहे. केनियात अटीविना रोख देण्याच्या मोठ्या प्रयोगात पैसे नवऱ्याला दिले की बायकोला, याने घरच्या खर्चात म्हणावा असा फरक पडला नाही. माझ्या पाहण्यात खाते बाईच्या नावावर आणि कार्ड नवऱ्याच्या खिशात, अशी घरंही आहेत. नावापेक्षा ताबा कोणाकडे आहे, ते पाहावं लागतं.

त्याच केनियातल्या प्रयोगात काहींना एकरकमी पैसे दिले, काहींना दरमहा. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू अधिक घेतल्या आणि दरमहा मिळणाऱ्यांच्या घरी अन्नाची शाश्वती अधिक वाढली. माणसं त्याच भागातली, तितकीच गरीब. पैशाची चाल बदलली तसा खर्च बदलला. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा या एका निकालात आहे.

नजरेबद्दल लिहिताना मला सगळ्यांत जपून लिहावंसं वाटतं. मदत मिळाल्याचं चार लोकांना कळलं की मागणारे येतात: भाऊ, दीर, शेजारी. नाही म्हणणं अवघड असतं, कारण उद्या आपल्यालाही त्यांच्याच दारी जायचं असतं. केनियातल्या एका प्रयोगात बायकांनी आपली मिळकत नातेवाइकांना दिसू नये म्हणून कमी नफ्याचा पर्याय मुद्दाम निवडला. कॅमेरूनमध्ये पतसंस्थेचे काही सभासद खात्यात बचत असूनही कर्ज काढत, म्हणजे आपल्याकडे पैसे नाहीत असं दाखवता येतं. व्याज भरून विकत घेतलेला हा नकार आहे. एखादी बाई पैसे आल्याबरोबर मोठी वस्तू घेते तेव्हा पुष्कळदा हेच चाललेलं असतं. रोकड मागता येते. घरात मांडलेली वस्तू कोणी उसनी मागत नाही.

आणि महागड्या वस्तू. एका आईने मदतीच्या पैशांतून मुलीसाठी नवे, चांगल्या कंपनीचे बूट घेतले होते. आमच्याच एका कार्यकर्त्याने ते अहवालात ‘अनावश्यक खर्च’ म्हणून नोंदवलं. मी तिला भेटले तेव्हा ती म्हणाली, वर्गात हिला सगळे मदतवाली म्हणतात, बुटांकडे बघून तरी गप्प बसतील. जी मदत घराला ‘गरीब’ असा शिक्का मारते, ती त्या शिक्क्यावर पांघरूण घालण्याचा खर्चही निर्माण करते. लाज ही गरजच आहे, फक्त ती कुठल्या यादीत बसत नाही.

म्हणून मदत देताना आपण काय बोलतो, याचा परिणाम पैशाइतकाच होऊ शकतो. नैरोबीच्या वस्त्यांत ५६५ जणांना सारखीच रक्कम दिली, पण सोबतचा निरोप वेगळा होता. काहींना सांगितलं, ही गरिबी हटवण्यासाठी मदत आहे. बाकीच्यांना सांगितलं, ही तुमची किंवा तुमच्या समाजाची ध्येयं पुढे नेण्यासाठी आहे. या दुसऱ्या निरोपानंतर धंद्याचं कौशल्य शिकवणारी चित्रफीत निवडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. एक वाक्य बदललं होतं, आणि माणसाने स्वतःकडे पाहण्याची जागा बदलली.

आता तुमच्या कामाकडे. पैसे देण्याची तारीख घरभाड्याच्या किंवा मोठ्या देण्याच्या एक-दोन दिवस आधी आणता येते का ते पाहा. रक्कम दोन हप्त्यांत हवी की एकदम, हे कुटुंबालाच विचारा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, कारण उत्तर बदलतं. मुलाचा शाळाप्रवेश जवळ असेल तेव्हा एकदम हवे असतात, आजारपण चालू असेल तेव्हा तुकड्यांत. आपल्या सोयीने सरसकट साप्ताहिक वाटप करू नका. त्यात मोठी खरेदी कधीच जमत नाही आणि माणूस कायम हातातोंडाच्या गाठीत राहतो.

रकमेचा एखादा भाग कशासाठी बाजूला ठेवायचा आणि त्याला काय नाव द्यायचं, हे लाभार्थ्यालाच ठरवू द्या. फिलिपिन्समध्ये एका बँकेने आपल्या ग्राहकांना, स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत हात लावता येणार नाही असं खातं देऊ केलं. २८ टक्के लोकांनी ते घेतलं, आणि ज्या गटाला ते देऊ केलं होतं त्यांची शिल्लक वर्षभरात दुसऱ्या गटाच्या मानाने खूप वाढली. बाकीच्या ७२ टक्क्यांना ते नको होतं, हेही तितकंच लक्षात ठेवा. कुलूप मागणाऱ्याला द्यावं, लादू नये.

जिथे देणं व्याजाने वाढतं आहे, तिथे आधी त्या देण्याकडे बघा. मी अशा घरांत बचतीचा विषयच काढत नाही. महिना दहा टक्के व्याज भरणाऱ्या माणसासाठी सर्वांत चांगली बचत म्हणजे ते कर्ज फेडणं, आणि हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याला हवी असते ती एकरकमी उचल किंवा घेणेकऱ्याशी बोलणारा कोणीतरी.

व्यसनाचा प्रश्न वेगळा आहे, तो झाकू नका. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मदतीचे पैसे हाती पडतात त्या महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत अमली पदार्थांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या वाढते, हे २००७ च्या अभ्यासात दिसलं होतं. अशा माणसासाठी एकदम मोठी रक्कम हा जिवाचा धोका असू शकतो. तिथे तारखा विखरून टाकणं, रक्कम लहान हप्त्यांत देणं, घरभाडं थेट घरमालकाला देणं हे सगळं मी केलं आहे, पण त्या माणसाशी बोलून, त्याच्या संमतीने आणि उपचाराची सोय हाताशी ठेवून. शंभरातल्या तीन-चार जणांसाठी केलेली ही व्यवस्था उरलेल्या सगळ्यांवर लादण्याचा मोह होतो. तुमच्या संस्थेतही कोणीतरी ते सुचवेल. तेव्हा विरोध करा.

पुढच्या महिन्यात एवढं एक करून पाहा. दहा घरांत जा, सल्ला देऊ नका, वही उघडा. डाव्या बाजूला देण्यांच्या तारखा आणि उजव्या बाजूला येणाऱ्या पैशांच्या तारखा लिहून घ्या. दोन्हींतलं अंतर किती दिवसांचं आहे आणि ते दिवस घर कोणाच्या पैशांवर काढतं, हे विचारा. ती दहा पानं घेऊन मग तुमच्या वरिष्ठांकडे तारीख बदलायला सांगायला जा.